कैद्यावर कैद्याचा पहारा

कारागृह अधिनियम १८९४ सालचा. त्याचे कलम २३ जेमतेम एका वाक्याचे आहे. कारागृहातील अधिकारी म्हणून ज्या कैद्यांची नेमणूक झाली असेल, त्यांना दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक मानावे, एवढेच त्यात म्हटले आहे. वाचणाऱ्याची नजर सहज पुढे सरकते, पण भारतातल्या तुरुंगांचा निम्मा कारभार या वाक्यात सामावलेला आहे. खुनाच्या किंवा दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस शिक्षा भोगता भोगताच सरकारचा नोकर होतो आणि आपल्यासारख्याच इतर कैद्यांवर त्याला अधिकार मिळतो.

तुरुंगातल्या वागणुकीचा विषय निघाला की आपल्यासमोर दोनच माणसे येतात. खाकीतला शिपाई आणि गजांआडचा कैदी. बराकीत मात्र तिसरा माणूस असतो आणि कैद्याचा दिवसभर संबंध येतो तो बहुतेक वेळा याच्याशी. त्याला वॉर्डर म्हणतात, काही ठिकाणी मुकादम. सकाळी बराक उघडली की गिनतीला माणसे रांगेत बसवायची, चहा आणि जेवण वाटायचे, कामावरच्या टोळ्यांवर लक्ष ठेवायचे, कुणाची मुलाखत आली तर त्याला शोधून आणायचे, ही त्याची कामे. संध्याकाळी बंदी झाली, म्हणजे बराकींना कुलपे लागली, की आत उरतात फक्त कैदी. पगारी शिपाई बाहेर गस्त घालतो. आत रात्री जागतो तो कैद्यांमधूनच नेमलेला पहारेकरी. या कामाबद्दल त्याला शिक्षेत जादा माफी मिळते. आवारात थोडे मोकळे फिरता येते, झोपायला बरी जागा मिळते आणि ताटात चार घास जास्त पडतात. ऊसतोडीच्या टोळीतला मुकादम जसा असतो, तसाच हाही. माणूस कामगारांतला, पण ताबा कारखान्याच्या वतीने.

ही व्यवस्था बिघडली की काय होते, याचे महाराष्ट्रातले अलीकडचे उदाहरण २०१७ सालचे आहे. मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात जून महिन्यात एका बंदिनीचा मृत्यू झाला. ती स्वतः अशीच वॉर्डर होती आणि सकाळचा नाश्ता वाटण्याची जबाबदारी तिच्याकडे होती. त्या दिवशीच्या हिशोबात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले. त्यावरून कर्मचाऱ्यांनी तिला बेदम मारहाण केली आणि त्यातच ती दगावली, असा पोलिसांचा आरोप होता. दुसऱ्या दिवशी कारागृहातल्या बायकांनी उठाव केला. पुढे कारागृहाच्या सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली आणि त्यांच्यावर खुनाचा खटला भरला गेला. खटल्याचा निवाडा न्यायालय करील. आपल्यासाठी या घटनेतली एक गोष्ट महत्त्वाची आहे. मेलेली बाई साधी कैदी नव्हती, तीही व्यवस्थेचीच एक पायरी होती. बराकीत तिचा शब्द चालत असे, पण वरच्याने हात उगारला तेव्हा तिच्या पदाचा तिला काडीचा उपयोग झाला नाही. कलम २३ ने तिला लोकसेवक ठरवले होते. लोकसेवकाला मिळणारे संरक्षण मात्र तिच्यापर्यंत पोचले नाही.

कैद्यांनाच पहाऱ्यावर ठेवण्याची कल्पना इंग्रजांना सुचली ती पैशांवरून. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेले कैदी आधी पेनांग, मलाक्का आणि सिंगापूरला जात. त्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. इतक्या दूर पगारी शिपाई ठेवणे कंपनीला परवडत नव्हते आणि जे मिळत त्यांच्यावर भरवसा नसे. मग चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांना बढती देऊन त्यांच्याच हाती बाकीच्यांची राखण देण्यात आली. नवा कैदी बेड्या घालून खालच्या वर्गात दाखल होई आणि वर्षे काढत वर चढे. तिथल्या कैद्यांचे अधीक्षक राहिलेल्या मॅकनेअर यांनी १८९९ मध्ये यावर एक पुस्तक लिहिले. ‘कैदी हेच स्वतःचे पहारेकरी’ अशा अर्थाचे त्याचे नाव आहे आणि सूर कौतुकाचा. कौतुकाला त्यांच्या दृष्टीने कारणही होते. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल आणि आज राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान असलेला इस्ताना या दोन्ही इमारती हिंदुस्थानी कैद्यांच्या घामातून उभ्या राहिल्या. खर्च कमी, काम भरपूर आणि पळून जाणारे थोडे. सरकारी कागदावर याहून चांगला हिशोब कुठला असणार?

१८५८ मध्ये अंदमानात वसाहत सुरू झाली तेव्हा ही पद्धत तिथे गेली आणि पुढे मुख्य भूमीवरच्या तुरुंगांतही मुरली. मराठी वाचकाला तिचे रूप ‘माझी जन्मठेप’मधून माहीत आहे. सेल्युलर जेल बांधून पुरे झाले १९०६ मध्ये आणि सावरकर तिथे पोचले १९११ मध्ये. तिथली उतरंड वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडाल, जमादार अशी होती. हे सगळे शिक्षा झालेलेच, आणि सर्वांच्या वर जेलर बारी. कोलूला जुंपलेल्या कैद्याने दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल काढायचे, ते कमी पडले की बारीने बोलावून जाब विचारायचा. पण दिवसभर पाठीशी उभा राहून शिव्या घालणारा, लाथा मारणारा आणि पाणी प्यायलाही थांबू न देणारा पेटी ऑफिसरच असे. बारीला साऱ्या इमारतीत फिरायची गरजच नव्हती. त्याची दहशत खालची माणसे फुकटात पसरवत होती. शेवटच्या काळात सावरकरांनाही याच उतरंडीत तेलगोदामावर फोरमनचे काम मिळाले. ही यंत्रणा माणसाला आत ओढते ती अशी. बाहेर राहून सोसणे आणि आत शिरून थोडी मोकळीक मिळवणे, या दोहोंपैकी एक निवडायचे असते.

महात्मा गांधी १९२२ ते १९२४ येरवड्यात होते. सुटल्यावर ‘यंग इंडिया’त त्यांनी तुरुंगातल्या अनुभवांवर लेखमाला लिहिली आणि तीत आपल्यावर नेमलेल्या कैदी वॉर्डरांविषयी आपुलकीने लिहिले. त्यांत एक अदन नावाचा सोमाली तरुण होता. गांधींच्या चित्रणातले हे वॉर्डर राक्षस वाटत नाहीत, आणि ते खरेच असावे. अंदमानचा पेटी ऑफिसर आणि येरवड्याचा वॉर्डर यांच्यात स्वभावाचा फरक असेल, पण मोठा फरक त्यांच्यासमोर कोण होते याचा आहे. साऱ्या जगाचे लक्ष असलेल्या कैद्याशी कुणीही बरेच वागतो.

आता थोडे पगारी शिपायाकडे वळू. त्याच्याविषयी लिहिताना त्याला खलनायक करण्याची सवय आपल्याला लागली आहे. या विषयावर लेख म्हटला की १९७१ चा स्टॅनफर्डचा प्रयोग सांगायचाच, असाही प्रघात आहे. विद्यापीठाच्या तळघरात खोटा तुरुंग, अर्धे विद्यार्थी कैदी, अर्धे पहारेकरी, आणि सहा दिवसांत पहारेकरी इतके क्रूर झाले की प्रयोग आवरता घ्यावा लागला. निष्कर्ष असा की गणवेश चढला की चांगला माणूसही बिघडतो. पुढे त्या प्रयोगाची ध्वनिमुद्रणे आणि कागदपत्रे अभ्यासकांनी तपासली, तेव्हा पहारेकऱ्यांनी कठोर वागावे म्हणून आयोजकच त्यांना टोचत होते हे पुढे आले. म्हणजे ती क्रूरता आपोआप उगवलेली नव्हती. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तिथे सुरुवातीला नऊ कैदी होते आणि नऊ पहारेकरी, एका पाळीला तिघे. तीन कैद्यांमागे एक पहारेकरी! आपल्याकडच्या कुठल्याही अधीक्षकाला हा आकडा सांगून पाहावा, तो हसेल. आपल्या तुरुंगांचा आजार नेमका उलटा आहे.

तो आजार मला सर्वांत नीट समजला तो ग्रेशम साइक्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञामुळे. न्यू जर्सीतल्या ट्रेंटन तुरुंगाचा अभ्यास करून त्याने १९५८ मध्ये ‘द सोसायटी ऑफ कॅप्टिव्ह्ज’ हे छोटे पुस्तक लिहिले. साइक्स म्हणतो, पहारेकऱ्याकडे सारी सत्ता असते असे बाहेरून दिसते, पण तो आतून पांगळा असतो. शेकडो माणसांना रोज उठवायचे, जेवू घालायचे, कामाला लावायचे आणि पुन्हा कोंडायचे, हे निव्वळ काठीच्या बळावर जमत नाही. कैद्याने ‘नाही’ म्हटले तर किती वेळा मारणार? शिक्षेचा धाकही फारसा उरत नाही, कारण घेण्यासारखे बरेचसे आधीच घेतलेले असते. आणि पहारेकऱ्याची किंमत वरचे लोक एकाच गोष्टीवर ठरवतात, त्याच्या विभागात गडबड होते की नाही. म्हणून तो तडजोडी करतो. काहींशी मैत्री जमते, कारण आठ-आठ तास त्यांच्याच सहवासात काढायचे असतात. काही बारीक गुन्ह्यांकडे काणाडोळा करतो आणि बदल्यात शांतता विकत घेतो. आणि हळूहळू आपली कामे, मोजणी असो, नोंदी असोत की निरोप, विश्वासातल्या कैद्यांवर सोपवत जातो. शेवटी नियंत्रण नेमके कुणाचे हे त्यालाच सांगता येत नाही.

ट्रेंटनमध्ये ही घसरण चोरून होत होती. भारतात १८९४ च्या कायद्याने तिला आधीच अधिकृत करून ठेवले होते.

शिपायाच्या जागी उभे राहून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. दंड संहितेचे कलम २२३ असे होते की, लोकसेवकाच्या निष्काळजीपणामुळे ताब्यातला माणूस पळाला तर त्या लोकसेवकाला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कैदी पळाला की निलंबन, चौकशी आणि गुन्हा हे ठरलेले. पण बराकीत वॉर्डरने एखाद्याला बदडले, नव्या कच्च्या कैद्याकडून झोपायच्या जागेचे पैसे उकळले किंवा त्याच्या घरून आलेली मनीऑर्डर वाटेतच वाटून घेतली, तर कागदावर काहीच उमटत नाही. ज्या चुकीची शिक्षा होते तीच चूक माणूस टाळतो. शिपायाची नजर भिंतीकडे राहते आणि आतले जग वॉर्डरच्या हवाली होते.

आकडे यावर प्रकाश टाकतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून जास्त माणसे होती आणि जागा होती ४ लाख ३६ हजारांची. चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा सिद्ध झालेला नाही असे. कर्मचाऱ्यांच्या मंजूर पदांपैकी सुमारे ३० टक्के रिकामी होती. केंद्राच्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेने सहा कैद्यांमागे एक पहारेकरी असे प्रमाण सुचवले आहे. हे पहारेकरी तीन पाळ्यांत विभागले जातात, काही रजेवर असतात. मग रात्रीच्या बराकीत कोण उरतो, हे वेगळे सांगायला नको.

कैदी पहारेकऱ्यांची पद्धत सर्वांत टोकाला गेली ती अमेरिकेच्या दक्षिणेत. आर्कान्सामधल्या कमिन्स शेत-तुरुंगात सुमारे हजार कैद्यांसाठी पगारी माणसे ३५ होती, त्यांतली पहाऱ्याला मिळत ती आठ. बाकी पहारा कैद्यांचाच, तोही बंदुका घेऊन. तिथे जेवणापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येक गोष्टीचा दर ठरलेला असे. १९७० मध्ये संघीय न्यायालयाने त्या राज्याची सबंध तुरुंगव्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली.

टेक्सासची हकीकत मात्र जास्त लक्ष देऊन वाचावी अशी आहे. तिथे अशा कैद्यांना बिल्डिंग टेंडर म्हणत. डेव्हिड रुईझ नावाच्या कैद्याने १९७२ मध्ये स्वतःच्या हाताने अर्ज लिहून न्यायालयात पाठवला आणि १९८० मध्ये न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे दोन वर्षांत बिल्डिंग टेंडर हटवण्याचे राज्याने कबूल केले. सुधारणावाद्यांना आनंद झाला, पण हटवलेल्यांच्या जागी पुरेसे प्रशिक्षित पहारेकरी वेळेवर आले नाहीत. सत्तेची जागा रिकामी राहिली आणि टोळ्यांनी ती भरली. १९८४ आणि १९८५ या दोन वर्षांत टेक्सासच्या तुरुंगांत पन्नासहून अधिक कैदी इतर कैद्यांच्या हातून मारले गेले. वॉर्डरची पद्धत वाईट आहे म्हणून ती एका आदेशाने बंद करा, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन वर्षे आठवावीत. जुना खांब काढण्याआधी नवा उभा करावा लागतो आणि त्याला पैसे लागतात.

आपल्याकडे या विषयाला खरी वाट फोडली ती सर्वोच्च न्यायालयाने, आणि तीही कैद्याच्याच पत्रावरून. तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा यांनी एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले. एका हेड वॉर्डरने दुसऱ्या कैद्याचा अमानुष छळ केला होता आणि त्याचा हेतू त्या कैद्याच्या नातेवाइकांकडून पैसे काढण्याचा होता. हा हेड वॉर्डर मात्र पगारी होता. न्यायालयाने ते पत्रच बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका मानले. न्यायालयाचे मित्र म्हणून डॉ. वाय. एस. चितळे यांनी काम पाहिले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने तक्रारपेट्या ठेवायला लावल्या आणि जिल्हा न्यायाधीशांनी तुरुंगांना भेटी द्याव्यात असे ठरवले. तुरुंगाच्या दारात घटना थांबत नाही, ही गोष्ट या निकालानंतर वादाची राहिली नाही.

१९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरूनही असाच निकाल लागला. मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांशी त्या बोलल्या होत्या आणि त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. निर्मला निकेतनच्या संचालिकांकडून न्यायालयाने चौकशी करून घेतली. त्यातून एक साधा नियम आला. स्त्रियांसाठी वेगळी कोठडी असावी आणि तिथे पहारा स्त्री पोलिसांचाच असावा. आज आपल्याला हे स्वाभाविक वाटते, पण त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते.

या मालिकेतला सर्वांत ताजा निकाल ३ ऑक्टोबर २०२४ चा आहे आणि त्याचेही मूळ मुंबईत आहे. पत्रकार सुकन्या शांता यांनी अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमपुस्तिका धुंडाळून दाखवून दिले की स्वयंपाक कुणी करायचा आणि संडास कुणी साफ करायचे हे त्यांत जातीवर ठरते. न्यायालयाने असे नियम रद्द केले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. बातम्यांत स्वयंपाक आणि झाडूची चर्चा झाली, पण पहाऱ्याविषयीचा एक नियम त्यात झाकला गेला. पश्चिम बंगालच्या पुस्तिकेत होते की रात्रीच्या पहाऱ्यावर नेमायचा कैदी भटक्या जमातीचा नसावा, कारण अशांना पळून जाण्याची उपजत ओढ असते. म्हणजे कैद्यांमध्येही विश्वासाचा कोण, हे त्याच्या वागण्यावर ठरत नव्हते, जन्मावर ठरत होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची ही भाषा. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीचा इतिहास माहीत असलेल्या मराठी वाचकाला ती अनोळखी नाही. तो कायदा १९५२ मध्ये गेला. त्याचा मजकूर तुरुंगाच्या पुस्तकात आणखी सत्तर वर्षे राहिला.

उलट बाजूही महाराष्ट्रात आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत आहे. औंध संस्थानच्या काळात, १९३९ च्या सुमारास, पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आणि राजेसाहेबांच्या पाठिंब्याने ती उभी राहिली. तिथे कैदी शेती करतात आणि बायकामुलांसह राहतात. भिंतीही नाहीत आणि भिंती राखणारी फौजही नाही. माडगूळकरांच्या कथेवरचा शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच वसाहतीवरून सुचला. चित्रपट उत्तम आहे, पण त्याने सारे श्रेय जेलरच्या दोन डोळ्यांना दिले, ते मला पटत नाही. माणसे तिथे राहिली ती जमीन, काम आणि कुटुंब मिळाल्यामुळे. शिवाय अशा ठिकाणी पाठवले जातात ते निवडक, बरीच शिक्षा भोगून झालेले कैदी. स्वतंत्रपूर ही प्रत्येक तुरुंगाला लागू पडणारी युक्ती नव्हे. पण एक गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे. तिथे कैद्यांना जबाबदारी मिळाली ती शेताची आणि घराची, दुसऱ्या कैद्याच्या पाठीवरची नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९५५ च्या किमान नियमांत हेच लिहिले आहे, आणि २०१५ मध्ये त्यांना नेल्सन मंडेला यांचे नाव मिळाले तेव्हा नियम ४० म्हणून ते पुन्हा आले: शिस्त लावण्याचे कोणतेही काम कैद्याला देऊ नये. स्वयंपाक, ग्रंथालय, शिकवणे, कचेरीतले लेखन ही कामे खुशाल द्यावीत. त्यासाठी माफीही द्यावी. पण गिनती, शिस्त, जागेची वाटणी आणि अन्नाचा हिशोब हे पगारी, प्रशिक्षित आणि जाब देणाऱ्या माणसाचेच काम आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या कारागृहाविषयी कुणालाही चार प्रश्न विचारता येतात: शिपायांची मंजूर पदे किती, भरलेली किती, आज कैदी किती, आणि वॉर्डर म्हणून नेमलेले कैदी किती. माहितीच्या अधिकारात अर्ज करायला दहा रुपये लागतात. उत्तर आले की ते आपल्या आमदाराच्या हाती द्यावे, कारण तुरुंग हा राज्याचा विषय आहे आणि या पदांचा पगार विधिमंडळाने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकातूनच येतो.